फ्यूल प्रेशरचा काटा नाचतोय? रेग्युलेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी वाचा

आमच्या गॅरेजचं हे पत्रक मॉडिफाय केलेल्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांसाठी आहे, मग काम आमच्याकडे झालेलं असो वा दुसरीकडे. मोठा पंप, ॲडजस्टेबल रेग्युलेटर, टर्बो, रिमॅप हे शब्द तुम्हाला नवे नाहीत असं धरून लिहितो.

व्हॉट्सॲपवर आम्हाला सगळ्यात जास्त येणारा व्हिडिओ ठरलेला आहे. बॉनेट उघडं, गेजचा काटा थरथरतोय आणि खाली प्रश्न, "पंप गेला का?" बहुतेक वेळा पंप गेलेला नसतो. पण गाडी आमच्या दारात येईपर्यंत कोणीतरी, म्हणजे मित्र, शेजारचा मेकॅनिक किंवा मालक स्वतः, रेग्युलेटरचा स्क्रू फिरवून बघितलेला असतो. मूळ दोष शोधण्यापेक्षा या फिरवाफिरवीचा गुंता सोडवण्यात आमचा जास्त वेळ जातो, आणि तो तुमच्या बिलात दिसतो.

काटा हलणारच

रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) असलेल्या गाडीत रेग्युलेटर एकच काम करतो: इंजेक्टरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक कायम ठेवतो. एका टोकाला रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरना पुरवठा करणाऱ्या नळीतलं पेट्रोल, दुसऱ्या टोकाला मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारी नळी. वॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद केलं आणि इंजिन आयडलला ठेवलं की जे दिसतं ते बेस प्रेशर. बऱ्याच गाड्यांत ते ३ बार, म्हणजे ४३.५ पीएसआय असतं. पाइप परत लावला की प्रेशर २.४ बारच्या आसपास उतरतं. ॲक्सिलरेटर दाबला की चढतं, आणि १ बार बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाला) ४ बारवर पोचायला हवं. म्हणजे सायनच्या सिग्नलपासून घाटकोपरपर्यंत थांबत-सुटत जाताना काटा सतत वर-खाली होणार. तो तसा झाला नाही तर काळजी करा.

दोष ओळखायचा तो असा. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, लॉगमध्ये फ्यूल प्रेशर आणि मॅनिफोल्ड प्रेशर दोन्ही घ्या आणि पहिल्यातून दुसरं वजा करा. आकडा किती येतो यापेक्षा रेघ सरळ येते का ते बघा. सरळ असेल तर फ्यूल सिस्टिमचं काम चोख आहे, गाडी झटके मारत असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं. बूस्ट चढताना रेघ खाली झुकत असेल तर गाडी दामटू नका, सरळ घेऊन या.

गेजबद्दल एक. ग्लिसरीन भरलेला गेज बॉनेटखाली गरम झाला की आतला दाब वाढून चुकीचं रीडिंग देतो. सकाळी ३ बार आणि दुपारी कमी, एवढ्यावरून पंप बदलू नका. काट्याची बारीक थरथर बऱ्याचदा इंजेक्टर उघड-बंद होण्याची असते.

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांचा मामला वेगळा. तिथे रेलमधलं हाय प्रेशर ईसीयू स्वतःच लोडप्रमाणे बदलत राहतो. तिथे फिरवायला स्क्रू नाही, हे एक बरं आहे.

स्क्रू फिरवल्यावर नेमकं काय होतं

इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. बेस प्रेशर ३ वरून ३.५ बार केलं तर पेट्रोल साधारण ८ टक्के वाढतं. तुमचा रिमॅप मात्र ३ बार धरून केलेला आहे. ज्या रिमॅपसाठी तुम्ही डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) दिवस घालवलात आणि पैसे मोजलेत, त्यातला इंधनाचा प्रत्येक आकडा त्या अर्ध्या फेऱ्याने खोटा ठरला.

गंमत अशी की हे लगेच कळत नाही. आयडलला आणि साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू जादा पेट्रोल कापून टाकतो. गाडी गुळगुळीत चालते, फिरवणारा म्हणतो, "बघा, सुधारली." फुल थ्रॉटलला बहुतेक ईसीयू सेन्सर बाजूला ठेवून मॅपवर, म्हणजे आधी भरलेल्या आकड्यांवर, चालतात आणि तिथे मिश्रण बिघडतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे पंप आधीच दमलेला असताना स्क्रू आवळणं. दाब जितका जास्त तितकं पंप कमी पेट्रोल ढकलतो. आयडलला काटा छान वर दिसतो आणि बूस्टमध्ये, जिथे पेट्रोल खरं लागतं, तिथे तुटवडा पडतो. मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), मग नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं), मग पिस्टन. काटा वर आणायच्या नादात इंजिन उघडायची वेळ आलेली माणसं आमच्याकडे येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे छापतोय.

म्हणून आमच्याकडून सेट झालेल्या रेग्युलेटरच्या लॉक नटवर पिवळ्या रंगाची रेघ असते आणि बेस प्रेशरचा आकडा गाडीच्या कार्डावर लिहिलेला असतो. रेघ तुटलेली दिसली की आम्ही आधी बेस प्रेशर परत लावतो, मगच दोष शोधतो. त्याचे पैसे वेगळे लागतात. काहींना हे खटकतं. पण चुकीच्या आकड्यावर दोष शोधत बसलो तर बिल याहून मोठं होईल.

मग दोष असतो कुठे

मुंबईत आम्ही सुरुवात वायरिंगपासून करतो, पंपापासून नाही. मागच्या सीटखालचा पंपाचा कनेक्टर आणि बॉडीला लावलेला अर्थिंगचा जोड खाऱ्या हवेने हिरवा-पांढरा पडतो, आणि एखाद्या पावसाळ्यात गाडी गुडघाभर पाण्यातून निघाली असेल तर विचारूच नका. त्यात कंपनीच्या बारीक वायरवर मोठा पंप. इंजिन लोडवर असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंपाच्या टोकाला त्याहून एखाद-दीड व्होल्ट कमी मिळत असतील तर पंप कितीही भारी असो, पेट्रोल कमीच देणार. बॅटरीवरून जाड वायर, जवळच फ्यूज, स्वतंत्र रिले आणि कोरा केलेला अर्थ. हे काम नव्या पंपाच्या तुलनेत स्वस्त आहे आणि आम्ही ते आधी सुचवतो, तेव्हा आम्ही महागडे पार्ट गळ्यात मारतो असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग टाकी. पंपाची जाळी आणि फिल्टर तुंबला तर आयडल ठीक आणि वर दम नाही. टाकीच्या आतला पाइप मात्र बघितलाच जात नाही. बाहेर वापरायचा साधा फ्यूल पाइप पेट्रोलात बुडवून ठेवला की मऊ पडतो, क्लॅम्पपाशी चिरतो, आणि पंपाने ढकललेलं पेट्रोल टाकीतच परत सांडतं. बुडवून वापरायला ३०आर१० दर्जाचा पाइप लागतो. तो महाग आहे, पण आम्ही दुसरा लावत नाही.

सध्याच्या ई२० पेट्रोलने यात भर घातली. २० टक्के इथेनॉलमुळे तेवढीच हवा जाळायला निव्वळ पेट्रोलपेक्षा साधारण ७-८ टक्के जास्त इंधन लागतं. काठावर चालणारा पंप त्यामुळे काठाखाली जातो. जुन्या होंडा सिटी व्हीटेक किंवा बलेनोत रबरही तेव्हाचं असतं, ते एकदा तपासून घ्या.

रेग्युलेटरचा वॅक्यूम पाइप नीट बघा. त्यात पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर आतला पडदा फाटला आहे. गाडी चालवू नका. हा पाइप थेट मॅनिफोल्डवरून यायला हवा. ब्लो ऑफ व्हॉल्व्ह किंवा बूस्ट गेजच्या पाइपला टी मारून घेतलेला सिग्नल उशिरा आणि अर्धवट पोचतो. कुर्ल्यात पार्ट घेऊन घरी फिटिंग करणाऱ्यांची आणखी एक खूण आम्हाला ओळखता येते: फिटिंगला गुंडाळलेली टेफ्लॉन टेप. तिचा तुकडा रेग्युलेटरच्या सीटमध्ये अडकला की प्रेशर मनाला येईल तसं उडतं. एएन फिटिंग धातूवर धातू बसून सील होतं, त्याला टेप लागतच नाही.

आणि स्क्रू पूर्ण सैल करूनही बेस प्रेशर उतरत नसेल तर पंपाच्या मानाने रिटर्न लाइन बारीक आहे. त्याला रेग्युलेटर बदलून उपयोग नाही.

गाडी आणताना

टाकी निदान अर्धी भरलेली आणा. पाव टाकीखाली खंडाळ्याच्या वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढत असेल तर तो वेगळा दोष आहे, त्याला बॅफल (टाकीतला आडपडदा) किंवा सर्ज टँक (पंपाला सतत पेट्रोल देणारी छोटी टाकी) लागतो, आणि दोन्ही एकत्र आले की निदान लांबतं. रिमॅप ज्याने केला त्याच्याकडून बेस प्रेशर आणि इंजेक्टरचा साइझ लिहून आणा. लॉग असेल तर पेन ड्राइव्हवर आणा, स्क्रीनचा फोटो नको.

गाडी आम्ही रात्रभर ठेवून घेतो. थंड इंजिनवरचं पहिलं रीडिंग सकाळीच मिळतं, आणि चावी बंद केल्यावर रेलमधला दाब किती वेळ टिकतो हेही तेव्हाच कळतं. तपासणीचे पैसे आधी घेतो. काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात, दुसरीकडे करायचं असेल तर रीडिंगचा कागद तुमचा, घेऊन जा. व्हिडिओ बघून फोनवर पंप बदला असं आम्ही सांगत नाही, कितीही आग्रह केलात तरी. आणि स्क्रू फिरवून झालेलाच असेल तर किती फेरे, कुठल्या बाजूला, ते गाडी सोडताना काउंटरवर सांगा. आम्ही हसणार नाही, पण तासाभराचं काम वाचेल.