चेकराइड म्हणजे पाठांतराची परीक्षा नव्हे

'तोंडी परीक्षेत एक उत्तर चुकलं की नापास, पुस्तक उघडलं तर संपलंच!' चेकराइडबद्दल, म्हणजे वैमानिक परवान्यासाठीच्या तोंडी आणि उड्डाण परीक्षेबद्दल, अमेरिकेतल्या शिकाऊ वैमानिकांमध्ये हा समज जुना आहे आणि चुकीचाही.

एफएएच्या (अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या) मानकांनुसार परीक्षक प्रत्येक कार्यातला, म्हणजे परीक्षेच्या ठरलेल्या घटकातला, ज्ञानाचा किमान एक मुद्दा तपासतो. लेखी परीक्षेत चुकलेले विषय मात्र विचारतोच. प्रश्न बहुधा प्रसंगातून येतात: 'लँडिंग लाइट बंद आहे, दिवसा निघायचंय. निघाल?' 'दिवसा नियमाने तो लागत नाही' एवढ्यावर थांबणारे इथेच अडकतात. विमानाच्या उपकरणयादीत तो आवश्यक आहे का, हे बघावं लागतं. नसेल तर तो निष्क्रिय करून 'इनऑपरेटिव्ह' अशी चिठ्ठी लावायची, मग निर्णय. यादी उघडून पाहिली तर काही बिघडत नाही. कुठे पाहायचं हे ठाऊक असणंही ज्ञानच. इंजिन बंद पडल्यावरच्या पहिल्या कृती मात्र तोंडपाठच हव्यात, तिथे पानं उलटायला वेळ कुठला?

एखादं कार्य नापास झालं तरी परीक्षक आणि परीक्षार्थी दोघांची तयारी असेल तर परीक्षा पुढे चालते. उत्तीर्ण भागांचं श्रेय 60 दिवस टिकतं.