बंद शेडखालची माती आधी तपासा

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत चालू कारखान्यांच्या रांगेत मधूनच एखादी बंद शेड लागते. पत्रे गंजलेले, फाटकाला कुलूप, आवारात बाभळी माजलेल्या. समोर डांबरी रस्ता, दारात वीज, कामगार वस्ती जवळच. तरी प्लॉट वर्षानुवर्षं पडून राहतो. कधी बँकेचं कर्ज आड येतं, कधी कोर्टातला दावा, कधी भागीदारांची भांडणं. पण एक कारण कागदावर येत नाही: जमिनीत काय मुरलंय याची धास्ती. व्यवहारात क्षेत्रफळ मोजलं जातं, चतुःसीमा लिहिल्या जातात, मातीचा अहवाल मात्र सहसा कुणी मागत नाही.

आणि दुसरीकडे, नवा उद्योग यायचा म्हटलं की नजर दिंडोरी, सिन्नर, इगतपुरी तालुक्यांकडे वळते. तिथे शेती आहे, द्राक्षबागा आहेत. पिकती जमीन घेण्याआधी शहरातली पडीक औद्योगिक जमीन वापरात आणणं हा नाशिकच्या वाढीचा सरळ मार्ग आहे, असं मला ठामपणे वाटतं. त्यातलं पहिलं पाऊल रसायनशास्त्राचं आहे.

गाड्यांचे सुटे भाग आणि विजेची उपकरणं बनवणाऱ्या शहरात प्लेटिंगची कामं असणारच. लोखंडी पार्ट गंजू नये म्हणून त्यावर झिंक, निकेल किंवा क्रोमचा थर चढवतात. टाकीतून काढलेला पार्ट धुतात. हे धुवणाचं पाणी प्रक्रिया न होता फरशीच्या भेगांतून झिरपत राहिलं, की धातू जमिनीत उतरतात. पण उतरलेले सगळे धातू सारखे वागत नाहीत.

आपल्या काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. निकेल, झिंक, तांबं पाण्यात विरघळतात ते धनभार घेऊन, म्हणून माती त्यांना धरून ठेवते. त्यांचा बराचसा साठा वरच्या थरातच अडकतो. सहा संयुजेच्या, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या, क्रोमियमचं उलट आहे. ते ऑक्सिजनशी जोडलेल्या क्रोमेटच्या रूपात वावरतं आणि क्रोमेटवर ऋणभारच असतो. माती त्याला जवळ करत नाही. त्यात माती अल्कधर्मी असली, आणि काळी माती बहुधा असतेच, तर पकड आणखी ढिली होते. उन्हाळ्यात या मातीला खोल भेगा पडतात. मृगाचा पाऊस त्या भेगांतून थेट खालच्या मुरमात जातो, तिथून बेसॉल्टच्या सांध्यांत, आणि पुढे एखाद्या बोअरवेलमध्ये किंवा नासर्डीच्या पात्रात. हीच नासर्डी, म्हणजे नंदिनी, टाकळीला गोदावरीत मिळते. समर्थ रामदासांनी तप केलं ते हेच ठिकाण.

किती क्रोमियम म्हणजे जास्त? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या वर नसावं. हिशेब केला तर अवघं १ ग्रॅम क्रोमियम २०,००० लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. श्वासावाटे ते शरीरात गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे.

दिलासा असा की याच क्रोमियमला इलेक्ट्रॉन मिळाले, की ते तीन संयुजेचं होतं. हे रूप खूप कमी विषारी असतं, पाण्यात फारसं विरघळत नाही आणि जागीच बसतं. इलेक्ट्रॉन देण्याचं काम लोखंड करतं. आपल्याकडे हिराकस म्हणून विकलं जातं ते फेरस सल्फेट यासाठी चालतं. साखर कारखान्याची मळीही चालते. ती खाऊन वाढणारे मातीतले जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि क्रोमेटचं रूप पालटतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटी इथे १९९६ मध्ये एका जुन्या प्लेटिंग शॉपच्या उताराला सुमारे ४६ मीटर लांब आणि ७ मीटर खोल चर खणून त्यात लोखंडाचे कण भरले. भूजल त्यातून वाहताना क्रोमियम तिथेच अडकलं. पंप नाही, वीज नाही. नाशिकच्या कठीण बेसॉल्टमध्ये असा चर सगळीकडे खणता येणार नाही, तिथे बोअर मारून द्रावण सोडावं लागेल.

पण धातू नाहीसा होत नाही, फक्त रूप बदलतो. मातीत मँगनीजची ऑक्साइडं असतील तर तीन संयुजेचं क्रोमियम हळूहळू पुन्हा सहाचं होऊ शकतं. म्हणून उपचार झाल्यावरही निरीक्षण विहिरींतलं पाणी काही वर्षं तपासत राहावं लागतं. हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला हवा.

तपासणीतही एक खास आपल्याकडची अडचण आहे. बेसॉल्टमध्ये मुळातच क्रोमियम असतं, काही ठिकाणी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्याही पुढे. हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने नुसतं एकूण क्रोमियम मोजलं, तर निर्दोष मातीही दोषी ठरेल. म्हणून सहा संयुजेचं क्रोमियम प्रयोगशाळेत वेगळं मोजायचं, आणि तुलनेसाठी जिथे कधीच कारखाना नव्हता अशा शेजारच्या जागेचा नमुना घ्यायचा. नमुने टाक्यांच्या जागेखालून, गटाराच्या कडेने आणि गाळ टाकायच्या कोपऱ्यातून, वेगवेगळ्या खोलीवरून हवेत. भूजलाचे नमुने मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, असे दोनदा.

आकडे हाती आले की धास्तीची जागा हिशेब घेतो. गोदाम बांधायचं असेल तर काँक्रीटखाली बंदिस्त राहिलेलं निकेल चालू शकतं. पाळणाघर किंवा भाजीपाला असेल तर चालणार नाही. त्यामुळे सफाई कुठवर करायची हे पुढच्या वापरावर ठरतं, आणि वापर आधी ठरला तर खर्च कितीतरी खाली येतो.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यात ज्याने प्रदूषण केलं त्यानेच खर्च सोसायचा, हे तत्त्व आहे. संशयित जागा शोधून कळवायचं काम मात्र स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनावर आहे. नाशिकमध्ये ही यादी करायला कुदळही लागणार नाही. कोणत्या प्लॉटवर प्लेटिंग, गॅल्व्हनायझिंग किंवा ॲसिड पिकलिंग (ॲसिडने धातूवरचा गंज काढणं) चालायचं हे जुन्या परवान्यांत लिहिलेलं असतं, आणि कागद गहाळ झाले असतील तर त्या शेडमध्ये काम केलेले कामगार आजही सिडको-सातपूरला राहतात. टाकी कुठे होती आणि पाणी कुठे सोडायचे, हे त्यांना आताच विचारायला हवं.