शरीर वस्तुमान निर्देशांक आणि ग्रामीण विदर्भ

शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) : प्रौढ व्यक्तीचे वजन उंचीच्या मानाने कमी, बेताचे की जास्त, हे ठरविण्याचे स्थूल मापन. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. उदा., १५० सेंमी. उंच व ४० किग्रॅ. वजनाच्या स्त्रीचा निर्देशांक १७.८ येतो.

या सूत्राचे जनकत्व सहसा बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ व ज्योतिर्विद आदॉल्फ केतले (१७९६–१८७४) यांना देतात. त्यांच्या १८३२ ते १८३५ या काळातील लेखनात, पूर्ण वाढ झालेल्या माणसांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, असे निरीक्षण आढळते. मात्र त्यांचा शोध ‘सरासरी माणसा’चा होता, लठ्ठपणा मोजण्याचा हेतू त्यामागे नव्हता. आजचे नाव आणि वैद्यकातील प्रतिष्ठा १९७२ सालची. अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक अँसल कीज व सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवर निरनिराळी सूत्रे ताडून पाहिली. त्यांत हे सूत्र इतरांहून वाईट नाही, इतपतच त्यांचा निष्कर्ष होता. त्यामुळे केतले यांना सूत्राचे आणि कीज यांना मापनाचे कर्ते मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. त्या पाच देशांत भारत नव्हता आणि नमुन्यात स्त्रियाही नव्हत्या, ही गोष्ट पुढील वादाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वाद आहे तो सीमारेषांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत १८.५ खाली कमी वजन, २५ पासून जास्त वजन व ३० पासून लठ्ठपणा धरतात. आशियाई लोकांत याहून कमी निर्देशांकालाच मधुमेहाचा धोका वाढतो, असे दिसून आल्यावर संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये जुन्या सीमा कायम ठेवून २३ व २७.५ हे जादा कृतिबिंदू (म्हणजे उपाय सुरू करण्याच्या पातळ्या) सुचविले. २००९ च्या भारतीय तज्ज्ञसंमतीने आणखी पुढे जाऊन २३ ला जास्त वजन व २५ ला लठ्ठपणा मानला. या भूमिकेला बळ मिळाले ते पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका टिपणात त्यांनी स्वतःची तुलना आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांतही, वजन कमी असून चरबी तुलनेने जास्त, असा प्रकार त्यांना आढळला. विदर्भातील रोडक्या पण पोट सुटलेल्या माणसाला हेच लागू पडावे, असे मानण्यास जागा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मात्र २५ चीच रेषा धरते. त्याच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के कमी वजनाच्या व २४ टक्के जास्त वजनाच्या आढळल्या. रेषा २३ वर आणली, तर दुसरा आकडा अर्थातच वाढेल.

गावपातळीवर सीमेच्या वादापेक्षा मोजणीतील चूक महाग पडते. ५८ किग्रॅ. वजनाच्या माणसाची उंची १५८ सेंमी. धरल्यास निर्देशांक २३.२, तर चपलेसह १६० धरल्यास २२.७. म्हणजे २३ ची रेषा धरल्यास एका चपलेने वजनाचा गट बदलतो. बायकांचा अंबाडा व फुटांत सांगितलेली अंदाजी उंची यांनीही हाच घोळ होतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर काटा डुगडुगतो. त्याखाली सपाट फरशी ठेवणे बरे. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्यांची उंची घटलेली असल्याने त्यांचा आकडा फुगतो. तिशीपुढील लोकांसाठी आशाताई जो तपासणी अर्ज भरतात, त्यात बीएमआय नसून कमरेचा घेर विचारलेला असतो. स्त्रीचा ८० सेंमी. व पुरुषाचा ९० सेंमी. यांपुढे गेला की धोक्याचे गुण चढतात. टेपने दोन मिनिटांत होणारे हे माप पोटाच्या चरबीबद्दल बीएमआयहून अधिक सांगते.

वजन आटोक्यात ठेवण्याचा प्रश्न इथे दोन टोकांचा आहे. निंदण आणि कापूस वेचणीच्या मजुरीवर जगणाऱ्या घरांत वजन टिकविणे हेच काम. पावसाळ्यात कष्ट जास्त आणि कोठीत दाणा कमी, अशा दिवसांत ते उतरते. कारण नसताना वजन घटत असेल, तर आधी थुंकीची व साखरेची तपासणी हवी. खोकला असेल तर क्षयाची शंका घ्यावीच. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार या भागात पुष्कळ असल्याने लुकड्या, धाप लागणाऱ्या मुलामुलींचे रक्त तपासणे इष्ट. दुसरे टोक दुकानात किंवा नोकरीत बसून असणाऱ्यांचे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे जेवण मुळात वाईट नाही; वजन वाढते ते तर्रीच्या तेलाने, दिवसभराच्या गोड चहाने आणि गावातल्या गावात गाडीवर फिरण्याने. वजन जास्त असल्यास ते ५ ते १० टक्के उतरले तरी साखर व रक्तदाब सुधारतात. आठवड्याला १५० मिनिटे झपाट्याने चालणे हे सर्वमान्य प्रमाण आहे.

गरोदरपणात हा निर्देशांक, पहिल्या तिमाहीतील वजन सोडल्यास, निरुपयोगी असतो. मुलांना तर प्रौढांच्या सीमा लागूच होत नाहीत. मेळघाटासह सर्वत्र पाच वर्षांखालील बालकांसाठी उंचीनुसार वजन पाहतात, आणि सहा महिन्यांपुढील बालकाचा दंडघेर ११.५ सेंमी. पेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजले जाते.