मासा पाणी ‘फोडत’ नाही
पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो आणि मासा कल्ल्यांनी तोच वेगळा काढतो, असं शाळेपासून अनेकांच्या डोक्यात बसलंय. तसं नाही. तो रेणू फोडायला लागणारी ताकद कल्ल्यांत कुठून येणार? मासा घेतो तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, हवेतून आलेला किंवा पाणवनस्पतींनी सोडलेला. तोही तुटपुंजा: २५ अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणूनच कल्ल्यांत रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं. त्यामुळे शेजारच्या पाण्यात ऑक्सिजन शेवटपर्यंत रक्तापेक्षा जास्तच राहतो आणि आत शिरत राहतो. उकळून नुकत्याच गार केलेल्या पाण्यात रेणू तेच, पण विरघळलेली हवा गेलेली; त्यात मासा गुदमरतो (करून बघू नका!). झुरळाची तऱ्हा आणखी निराळी: अंगावरच्या छिद्रांतून हवा नळ्यांवाटे थेट पेशींपर्यंत, रक्ताची मध्यस्थी नाहीच.