रेडिओ केंद्रांचे इंटरनेट प्रसारण : पार्श्वभूमी

रेडिओ केंद्राचा नेहमीचा कार्यक्रम जसाच्या तसा इंटरनेटवर ऐकवण्यास अमेरिकेतील विद्यापीठीय एफएम केंद्रांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरुवात केली. पुढच्याच वर्षी रिअलऑडिओ हे सॉफ्टवेअर आले आणि पूर्ण फाइल उतरण्याची वाट न पाहता डायल-अप मोडेमवरही, खरखरीत का होईना, सलग आवाज ऐकू येऊ लागला. तंत्राच्या अडचणी अशा सुटत गेल्या. गाडे अडले ते हिशेबापाशी.

एफएम प्रक्षेपकाचे श्रोते शंभर असोत वा लाख, विजेचे बिल तेवढेच येते. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्याला स्वतंत्र प्रवाह (स्ट्रीम) पुरवावा लागतो आणि त्यामुळे श्रोते मोजताही येतात. अमेरिकेत एफएमवर गाणे वाजवल्यास गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी मिळते, गायक-वादकांना आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांना नाही. १९९५ आणि १९९८ च्या कायद्यांनी डिजिटल प्रसारणापुरता त्यांनाही हक्क दिला. तोच कार्यक्रम दुसऱ्या वाटेने गेला म्हणून ही रॉयल्टी न देण्याची आपली सूट संपत नाही, असा परवानाधारक एफएम केंद्रांचा युक्तिवाद होता. कॉपीराइट प्रशासनाने तो डिसेंबर २००० मध्ये फेटाळला आणि २००३ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. कायद्याच्या भाषेत निर्णयाला आधार होता, हे मान्य केले तरी त्याचा भार लहान केंद्रांना जड गेला. २००२ मध्ये ठरलेला दर प्रत्येक गाण्यास, प्रत्येक श्रोत्यामागे ०.०७ सेंट होता. म्हणजे हजार श्रोत्यांना तासाभरात पंधरा गाणी ऐकवायची तर साडेदहा डॉलर, आणि श्रोते दहापट झाले की खर्चही दहापट.

त्याआधीच, २००१ मध्ये, जाहिरातींना आवाज देणाऱ्या कलाकारांच्या वाढीव मानधनाचा प्रश्न उभा राहून अनेक व्यावसायिक केंद्रांनी इंटरनेट प्रसारण बंद केले होते. एफएमवरची जाहिरात झाकून इंटरनेटच्या प्रवाहात दुसरी बसवणे, हा त्यावरचा उपाय ठरला. पुढे श्रोत्याच्या ठिकाणानुसार जाहिरात बदलण्याची सोय झाली आणि तीच पद्धत कमाईची झाली.

स्मार्टफोननंतर कार्यक्रम काही सेकंदांच्या तुकड्यांत पाठवण्याची रीत रूढ झाली. त्यामुळे प्रवाह तुटणे कमी झाले, मात्र अचूक वेळेचे ठोके इंटरनेटवर उशिरा पडू लागले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२४ अखेर एफएम बंद करून डिजिटल रेडिओ व इंटरनेटवर भिस्त ठेवली. तेथील खासगी केंद्रांनी मात्र एफएम चालूच ठेवले.