‘एक’च्या बटणावरचं टेपचं चिन्ह

नंबर लावताना ‘१’चं बटण चुकून जास्त वेळ दाबलं गेलं, की बऱ्याच अँड्रॉइड फोनवर सूचना येते: व्हॉइसमेल नंबर सेट केलेला नाही. व्हॉइसमेल म्हणजे फोन उचलला गेला नाही तर आवाजात निरोप ठेवण्याची सोय. आपल्याकडे बहुतेकांची तिच्याशी ओळख एवढीच. त्याच बटणावर नीट पाहिलं तर आकड्याखाली दोन छोटी वर्तुळं आणि त्यांना जोडणारी रेघ दिसते. ती टेपची दोन चाकं. २ ते ९ या बटणांना रोमन अक्षरं मिळाली, मग १ च्या वाट्याला टेप का आली? याचं उत्तर मोबाइलच्या कितीतरी आधीचं आहे.

तबकडीच्या फोनवर आकडा फिरवून सोडला की तबकडी परत येताना लाइन तेवढ्या वेळा तुटायची. ५ साठी पाच वेळा, १ साठी एकदाच. पण रिसीव्हर उचलताना हुक जरासा हलला तरी लाइन एकदा तुटे, आणि एक्स्चेंजला वाटे की कुणी १ फिरवला. अमेरिकेत तेव्हा नंबराच्या सुरुवातीला एक्स्चेंजच्या नावातली अक्षरं फिरवत. म्हणून आकड्यांना अक्षरं वाटली गेली तेव्हा १ ला वगळलं, आणि ० ऑपरेटरसाठी ठेवला. तबकडी गेली तरी ती मांडणी टिकली, आणि मोबाइलच्या कीपॅडवर १ ची जागा मोकळीच राहिली.

१८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत बटणांचा फोन ग्राहकांना मिळू लागला. नंबर झटपट लागतो, हा त्याचा दिसणारा फायदा. माझ्या मते खरी मोठी गोष्ट दुसरीच होती. प्रत्येक बटण दोन सुरांची जोडी पाठवतं, आणि हे सूर कॉल जोडला गेल्यानंतरही तारेतून पलीकडे पोचतात. म्हणजे पलीकडे माणसाऐवजी यंत्र असेल तर बटणं दाबून त्याला हुकूम देता येतो. तबकडीच्या ठोक्यांची धाव एक्स्चेंजपर्यंतच होती. ‘संदेश पुन्हा ऐकण्यासाठी अमुक दाबा’ हे वाक्य या सुरांमुळे शक्य झालं.

आवाज चुंबकीय तारेवर साठवण्याची युक्ती डेन्मार्कच्या वाल्डेमार पौलसेनने १८९८ सालीच काढली होती. पण फोन कुणी उचलला नाही तर निरोप टेपवर उतरवून घेणारं घरातलं उत्तरयंत्र वेगळं आणि व्हॉइसमेल वेगळं. व्हॉइसमेलमध्ये संदेश एका मध्यवर्ती संगणकावर राहतो आणि तो कुठल्याही फोनवरून ऐकता येतो. आयबीएममध्ये स्टीफन बॉइज यांच्या गटाने १९७० च्या दशकात असा संगणक बांधला. टेक्ससमधल्या गॉर्डन मॅथ्यूज यांनी १९७९ साली पेटंटसाठी अर्ज केला, ते १९८३ साली मंजूर झालं, आणि त्यांच्या व्हीएमएक्स कंपनीने ही यंत्रणा मोठ्या कंपन्यांना विकली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आयबीएमच्या यंत्रणेवर खेळाडूंचे घरचे लोक निरोप ठेवत, आणि खेळाडू तो क्रीडाग्रामात घरच्यांच्याच आवाजात ऐकत. यात टेपची चाकं कुठेच नव्हती, संदेश डिस्कवर आकड्यांत साठवला जाई. चिन्ह मात्र टेपचंच राहिलं.

१९९१ साली फिनलंडमध्ये जीएसएम ही मोबाइलची डिजिटल पद्धत सुरू झाली, आणि तिच्यावरही व्हॉइसमेल आलं. इथे दोन वेगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात, आणि सेटिंग करताना गोंधळ नेमका इथेच होतो. पहिली गोष्ट कॉल वळवण्याची: फोन उचलला नाही तर ६१, रेंज नसेल तर ६२, लाइन बिझी असेल तर ६७, असे कोड जीएसएमच्या मानकातच आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे साठलेलं ऐकण्याचा नंबर. तो प्रत्येक कंपनीचा निराळा, ब्रिटनमध्ये व्होडाफोनचा १२१ तर ओटूचा ९०१. पाठ कोण करणार? म्हणून १ वर बोट ठेवून धरलं की तो नंबर लागावा, ही सोय हँडसेटमध्ये आली. नंबर फोनमध्ये लिहिला तर फोन बदलल्यावर तो जातो. ब्रिटनमधल्या १८०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर सेवा देणाऱ्या मोबाइल कंपन्यांनी आपसांत ठरवून तो सिमवरच लिहायला सुरुवात केली, आणि पुढे सिमच्या अधिकृत मानकातही त्याला जागा मिळाली. त्यामुळे परदेशात नवं सिम घातल्याबरोबर १ चं बटण बहुधा आपोआप चालू लागतं. सिमवर नंबर नसेल तर फोन ॲपच्या सेटिंगमध्ये व्हॉइसमेलखाली तो हाताने भरावा लागतो. मात्र नुसता नंबर भरून भागत नाही, कंपनीकडे सेवा चालू असावी लागते आणि कॉल तिकडे वळवलेले असावे लागतात.

या एका बोटाच्या सोयीची एक किंमत होती. स्वतःच्या फोनवरून कॉल आला की यंत्रणा नंबर ओळखते आणि बहुधा पिन विचारतच नाही. बाहेरच्या फोनवरून ऐकायचं असेल तरच पिन लागतो. रोज १ दाबून ऐकणाऱ्याला पिनची आठवणही होत नाही, आणि कंपनीने दिलेला ठरावीक पिन तसाच राहतो. ब्रिटनच्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकासाठी काम करणाऱ्यांनी याच फटीतून लोकांचे निरोप चोरून ऐकले. जानेवारी २००७ मध्ये त्याचा एक पत्रकार आणि एक खासगी गुप्तहेर तुरुंगात गेले. बेपत्ता झालेल्या आणि पुढे खून झाल्याचं उघड झालेल्या एका शाळकरी मुलीचेही निरोप ऐकले गेले होते, हे कळल्यावर संतापाची लाट उसळली आणि जुलै २०११ मध्ये ते साप्ताहिक बंद झालं. मुलांकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांना तिथलं सिम मिळालं, तर १ चं बटण चालतंय का हे बघण्याआधी पिन बदलून द्यावा, असं मी कळकळीने सांगेन.

भारतात हे सगळं रुजलं नाही, आणि त्याचं कारण पैशांत आहे. १ मे २००३ पर्यंत आपल्याकडे इनकमिंगलाही पैसे पडत. निरोप ठेवणाऱ्याला कॉलचा खर्च, आणि तो ऐकायचा तर पुन्हा कॉल. त्याउलट ‘पोचलास की मिस कॉल दे’ यात निरोपही पोचे आणि दमडीही लागत नसे. ऑगस्ट २०१३ मध्ये व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश आले आणि आपण तो प्रकार लगेच आपलासा केला. बटण दाबून धरायची सवय तीच, फक्त तिथे ऐकण्यासाठी धरायचं, इथे बोलण्यासाठी.

कॉल वळवण्याची सोय मात्र ठगांच्या कामी आली. *४०१# ने सुरू होणारा कोड लावायला लावून समोरच्याचे कॉल, आणि त्यातून कॉलवर येणारे ओटीपी, स्वतःकडे वळवून घ्यायचे. त्यामुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने होणारं फॉरवर्डिंग थांबवायला लावलं. आपले सगळे कॉल कुठे वळवलेले आहेत का, हे *#२१# लावून पाहता येतं.