भ्रंशांचे चुंबकीय नकाशे आणि 'ध्रुवावर आणण्या'चा वाद

लोहखनिजासाठी होकायंत्र घेऊन फिरण्याची पद्धत स्वीडनमध्ये 17 व्या शतकापासूनची आहे. मात्र गाडलेले भ्रंश, म्हणजे दोन्ही बाजूंचे खडक सरकलेल्या भेगा, हुडकण्यासाठी चुंबकीय सर्वेक्षणाचा खरा उपयोग सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून. पाणबुड्या शोधायला विमानात बसवलेले फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र) 1944 पासूनच भूशास्त्राच्या कामी लागले. 1950 च्या दशकात प्रोटॉन मॅग्नेटोमीटर आला आणि मापन सोपे झाले. मापन सुधारले, तसा वाद नकाशाच्या वाचनावर आला.

अडचण अशी, की चुंबकीय विसंगती, म्हणजे खडकामुळे क्षेत्रात पडणारा स्थानिक फरक, खडकाच्या नेमकी डोक्यावर दिसत नाही. पृथ्वीचे क्षेत्र तिरपे असते, त्यामुळे शिखर एका बाजूला आणि खळगा दुसऱ्या बाजूला सरकतो. भ्रंशाची रेघ त्या शिखरावरून मारली, तर ती चुकीच्या जागी पडते. यावर 1957 मध्ये गणिती तोडगा निघाला: मापन जणू चुंबकीय ध्रुवावर केले आहे असे धरून नकाशा बदलायचा. हेच 'ध्रुवावर आणणे'. ध्रुवावर क्षेत्र उभे असते, म्हणून विसंगती स्रोताच्या माथ्यावर येते. मध्यम आणि उच्च अक्षांशांवर हे उत्तम जमते.

चुंबकीय विषुववृत्ताजवळ मात्र घात होतो. तिथे क्षेत्र आडवे, उत्तर-दक्षिण असते, त्यामुळे त्याच दिशेने गेलेल्या भ्रंशाची प्रेरित (आजच्या क्षेत्रामुळे खडकात उपजलेल्या चुंबकत्वाची) विसंगती जवळजवळ उमटतच नाही. उलट ध्रुवावर आणण्याचे सूत्र नेमक्या याच दिशेचा गोंगाट (मापनातल्या बारीक चुका) प्रचंड वाढवते आणि नकाशाभर उत्तर-दक्षिण पट्टे उठतात. खरा भ्रंश गायब, खोटे भ्रंश हजर! वाढ आवरणाऱ्या गणिती चाळण्या (फिल्टर) निघाल्या, पण किती आवरायचे हे नकाशा करणाऱ्याच्या मर्जीवर राहिले. शिवाय हे सूत्र बहुधा खडकाचे चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्या दिशेने आहे असे गृहीत धरते. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची शेवटची अदलाबदल सुमारे 7,80,000 वर्षांपूर्वीची. त्याआधी थंड झालेल्या अनेक बेसॉल्टांत (लाव्हाच्या खडकांत) अवशिष्ट, म्हणजे थंड होताना गोठून राहिलेले, चुंबकत्व उलटे असते, आणि ते प्रेरित चुंबकत्वापेक्षा कित्येक पट जास्तही असू शकते. अशा ठिकाणी या नकाशावरून भ्रंश काढणे धोक्याचे आहे. 1972 मध्ये आलेली ॲनालिटिक सिग्नलची पद्धत (विसंगतीच्या उतारांवरून स्रोताच्या कडा शोधणारी) चुंबकत्वाच्या दिशेवर बरीच कमी अवलंबून असते. तिचा नकाशा शेजारी ठेवायलाच हवा.

1990 च्या दशकात जीपीएसमुळे विमाने कमी उंचीवरून, जवळजवळच्या रेषांवर उडू लागली. गाळाचे थर चुंबकीयदृष्ट्या मुके असतात, हा जुना समज तिथे मोडला. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क खोऱ्यात गाळाखाली लपलेले कितीतरी भ्रंश दिसले, कारण भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या चुंबकत्वाचा गाळ समोरासमोर आला होता. अशा विसंगती बऱ्याचदा जेमतेम काही नॅनोटेस्लांच्या (चुंबकीय क्षेत्राचे एकक) असतात. पृथ्वीचे क्षेत्र 25,000 ते 65,000 नॅनोटेस्लांचे. इतक्या क्षीण खुणांच्या नकाशावर सूत्राने उठवलेला एखादा पट्टा सहज भ्रंश म्हणून खपून जातो. म्हणूनच प्रक्रिया न केलेला मूळ नकाशा आणि वापरलेल्या चाळण्यांचा तपशील सोबत दिला नसेल, तर असा भ्रंश-नकाशा ग्राह्य धरू नये.